ऑपरेटिंग सिस्टीम बदलली आणि नेट गेलं: नेटवर्क कार्ड पुन्हा चालू करायचा क्रम

"फॉरमॅट मारला, नवीन विंडोज टाकलं, सगळं झकास चालतंय. फक्त नेट नाही." असा फोन महिन्यातून एकदा तरी येतोच. त्यापुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "कार्ड गेलं वाटतं. नवीन घेऊ का?"

घेऊ नका. काल रात्रीपर्यंत चालणारं कार्ड फॉरमॅट मारल्याने मरत नाही. त्याला नव्या सिस्टीमशी बोलायला ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम लागतो. तो ड्रायव्हर नेटवर असतो आणि नेट सुरू व्हायला ड्रायव्हर हवा असतो. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली की माणूस या गाठीत अडकतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून कुणी विंडोज ११ वर जातंय, तर ज्यांचं मशीन ११ च्या अटींत बसत नाही ते लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमकडे वळतायत. या दोन्ही वाटांवर लोक त्याच त्या चुका करतात.

सगळ्या दुरुस्तीचा सांगाडा तीन प्रश्नांचा आहे. सिस्टीमला कार्ड दिसतंय का? दिसत असेल, तर ड्रायव्हर बसलाय का? बसला असेल, तर जोडणी होतेय का? हा क्रम सोडायचा नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नसताना राउटरचा पासवर्ड बदलत बसण्यात अख्खा रविवार जातो.

## टप्पा १: जुनी सिस्टीम चालू असतानाच करायची कामं

या टप्प्याला अर्धा तास लागतो. बरेच जण नेमका हाच टप्पा गाळतात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

१. चिपचा नंबर टिपून घ्या. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'नेटवर्क ॲडॉप्टर्स'खाली वायफाय आणि लॅन (वायरने येणारं नेट) अशा साधारण दोन नोंदी दिसतील. प्रत्येकीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग 'डिटेल्स' टॅब. तिथल्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. खाली ज्या लांबलचक ओळी येतात त्यातली सगळ्यात वरची कामाची. तीत व्ही-ई-एन या अक्षरांपुढे चार चिन्हं असतात, ती चिप कुणाची ते सांगतात. डी-ई-व्ही पुढची चार चिन्हं चिप कोणती ते सांगतात. व्ही-ई-एन पुढे ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे क्वालकॉम ॲथेरॉस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. उदाहरणार्थ, १०ईसी आणि पुढे ८१६८ दिसलं तर ते रियलटेकचं गिगाबिट लॅन. आपल्याकडच्या निम्म्याशिम्म्या डेस्कटॉपमध्ये हेच असावं, असं माझा अनुभव सांगतो.

मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा. संगणकावरच स्क्रीनशॉट काढून डेस्कटॉपवर ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. फॉरमॅटमध्ये तोही जातो.

> सावधान: लॅपटॉपचं मॉडेल माहीत आहे म्हणून हा भाग सोडू नका. एकाच मॉडेलच्या एका लॉटमध्ये इंटेलचं वायफाय कार्ड असतं, तर दुसऱ्यात रियलटेकचं. खोक्यावरच्या नावावरून ते कळत नाही.

२. नेटची कागदपत्रं सांभाळा. घरी राउटर असेल तर वायफायचा पासवर्ड पुरे. पण गल्लीतल्या केबलवाल्याची वायर थेट संगणकात येत असेल, तर बहुधा पीपीपीओई डायलर, म्हणजे यूझरनेम-पासवर्ड टाकून नेट जोडायची सोय, वापरात असतो. त्याचं यूझरनेम आणि पासवर्ड फॉरमॅटबरोबर पुसलं जातं. ऑफिसात किंवा दुकानात आयपी ॲड्रेस (नेटवर्कमधला संगणकाचा पत्ता) हाताने घातलेला असेल, तर ॲड्रेस, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस हे चारही आकडे लिहून घ्या.

हे मी ठोकर खाऊन शिकलो. मामांच्या दुकानातला बिलिंगचा संगणक शनिवारी रात्री फॉरमॅट केला, लॅनचा ड्रायव्हर दहा मिनिटांत बसवला आणि मग डायलरचा पासवर्ड कुणालाच आठवेना. चार वर्षांपूर्वी नेट जोडायला आलेल्या पोराने तो स्वतःच टाकून दिला होता. रविवारी नेटवाल्याचं ऑफिस बंद. सोमवारी दुपारपर्यंत मामा वहीवर बिलं लिहीत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

३. ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या. लॅपटॉप असेल तर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर घालून, डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डच्या मॉडेलवरून. तीन फाइली हव्यात: लॅन, वायफाय आणि चिपसेट (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा ड्रायव्हर). चिपसेट लोक विसरतात. झिप फाइल असेल तर आत्ताच उघडून फोल्डर करून ठेवा.

साइटवर ड्रायव्हर सापडला नाही तर सध्या बसलेलाच काढून घेता येतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पी-एन-पी-यू-टिल ही आज्ञा तिच्या 'एक्सपोर्ट-ड्रायव्हर' पर्यायासह चालवा. मशीनमध्ये वेगळे बसवलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये निघून येतात. विंडोज १० चे ड्रायव्हर ११ मध्ये बहुतेक वेळा चालतात. मात्र ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या सिस्टीमवर चालत नाही, आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही.

४. लिनक्सवर जाणार असाल तर आधी चालवून बघा. मिंटचा पेनड्राइव्ह लावून संगणक त्यावरून सुरू केला की काहीही इन्स्टॉल न करता सिस्टीम चालते. तिथे वायफायची यादी येते का, लॅन जोडलं जातं का ते बघा. इथे चाललं तर इन्स्टॉल केल्यावरही चालेल, हे जवळजवळ धरून चाला. नाही चाललं तरी घाबरायचं कारण नाही, टप्पा ५ मध्ये काम आहे एवढंच आधी कळलं.

> तपासा: फोनमध्ये चिपच्या नंबराचा फोटो, वहीत पासवर्ड, पेनड्राइव्हवर तीन फोल्डर. पेनड्राइव्ह दुसऱ्या एखाद्या संगणकात लावून फाइली उघडतात का तेही बघा. तिन्ही झालं की खुशाल फॉरमॅट मारा.

## टप्पा २: उसनं नेट

तयारी केली नसेल, फॉरमॅट आधीच झाला असेल, तर इथून सुरुवात करा. अँड्रॉइड फोन आणि डेटा जाणारी यूएसबी केबल एवढंच लागतं. फोनचं नेट केबलने संगणकाला द्यायच्या या वाटेने, म्हणजे टेदरिंगने, विंडोजमध्येही आणि लिनक्समध्येही सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

आधी केबल लावा आणि मगच फोनच्या हॉटस्पॉट व टेदरिंग सेटिंगमध्ये जा. केबल लागल्याशिवाय 'यूएसबी टेदरिंग'चं बटण फिकट राहतं, दाबलं जात नाही. केबल लावूनही फिकटच असेल तर ती केबल फक्त चार्जिंगची आहे, दुसरी घ्या. बटण चालू केलं की अर्ध्या मिनिटात संगणकाला लॅन जोडल्यासारखं नेट मिळतं. बहुतेक अँड्रॉइड फोन घरच्या वायफायला जोडलेले असतील तर तेच नेट पुढे देतात, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही.

आयफोनवाल्यांनी विंडोजमध्ये या भरवशावर राहू नये. तिथे ॲपलचा ड्रायव्हर आधी बसवावा लागतो. म्हणजे पुन्हा तीच गाठ. शेजाऱ्यांचा अँड्रॉइड मागा.

विंडोज ११ बसवताना 'नेटवर्कला जोडा' या पानावर गाडी अडते आणि पुढे जायचं बटण दाबलं जात नाही. तिथेही हाच उपाय. त्या पानावर केबल लावून टेदरिंग चालू करा. नव्या आवृत्त्यांत तिथेच ड्रायव्हर बसवायचं बटणही दिसतं. ते दाबून टप्पा १ मधल्या पेनड्राइव्हवरचा फोल्डर दाखवता येतो.

> सावधान: नेट मिळताच विंडोज अपडेट उतरवायला लागतं. फोन मोबाइल डेटावर असेल तर दिवसाचा दीड-दोन जीबी बघता बघता संपतो. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ती जोडणी 'मीटर्ड' (मोजून वापरायची) करून ठेवा.

## टप्पा ३: सिस्टीमला कार्ड दिसतंय का?

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'अदर डिव्हाइसेस'खाली पिवळं चिन्ह लावून 'नेटवर्क कंट्रोलर' दिसत असेल तर ते वायफाय, 'इथरनेट कंट्रोलर' असेल तर लॅन. पिवळं चिन्ह ही चांगली बातमी आहे: कार्ड जागेवर आहे, फक्त ड्रायव्हर नाही. सरळ पुढच्या टप्प्यावर जा. शेजारी 'एसएम बस कंट्रोलर' दिसला तर त्याचा नेटशी संबंध नाही. तो चिपसेटच्या ड्रायव्हरने जातो.

लिनक्समध्ये टर्मिनल उघडून एल-एस-पी-सी-आय हे सगळं छोट्या अक्षरांत सलग लिहा, एक जागा सोडा, मग उणे चिन्ह आणि लगेच एन-एन-के. नेटवर्क किंवा इथरनेट असं लिहिलेल्या ओळीत तेच आठ चिन्हांचे नंबर चौकटी कंसात दिसतात.

कार्डाचं नावच कुठे नसेल तर पुढचे उपाय, याच क्रमाने:

१. संगणक बंद करा. डेस्कटॉपची वायर भिंतीतून काढा. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरी निघत असेल तर तीही. पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, मग परत सगळं जोडा. गंडा-दोरा वाटेल, पण यामागे कारण आहे. जुना ड्रायव्हर कधी कधी बंद होताना कार्डाला झोपवून जातो आणि पाठीमागे वीज चालू असेपर्यंत ते त्याच अवस्थेत राहतं. रियलटेकच्या लॅनमध्ये हे मी बऱ्याचदा पाहिलंय. बंद करताना दिवे विझतात ते नव्या सिस्टीममध्ये लागतच नाहीत.

२. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवले असतील तर विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांनी काय करायचं ते ठरवायचं पान, तिथे ही खूण सापडते. ती चालू असताना 'शट डाउन' म्हणजे अर्धवट झोप असते.

३. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जा. संगणक सुरू होताच एफ२, एफ१० किंवा डिलीट, जे ज्या मशीनला असेल ते. 'ऑनबोर्ड लॅन' किंवा 'वायरलेस' बंद केलेलं नाही ना ते बघा.

> सावधान: बायोसमध्ये हात घालण्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा. सिक्युअर बूटची (संगणक सुरू होताना सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी) सेटिंग बदलली की पुढच्या वेळी विंडोज ती की मागतं.

यूएसबीचं वायफाय डोंगल असेल तर आणखी एक गंमत. काही रियलटेक डोंगल लावल्यावर कार्ड म्हणून दिसतच नाहीत, एक छोटी सीडी ड्राइव्ह म्हणून येतात. त्या सीडीत ड्रायव्हर असतो. विंडोजमध्ये ती उघडून सेटअप चालवा. लिनक्समध्ये त्या सीडीवर 'इजेक्ट' करा. डोंगलने रूप बदललं की कार्ड दिसायला लागतं.

## टप्पा ४: विंडोजमध्ये ड्रायव्हर

क्रम असा: आधी चिपसेट, रीस्टार्ट, मग लॅन, मग वायफाय. लॅन आधी घ्यायचं कारण म्हणजे ते लवकर बसतं. नंतर वायफाय अडलं तरी हातात नेट असतं.

फोल्डरमध्ये सेटअपची फाइल असेल तर ती चालवा. नसेल, किंवा ती 'हे मशीन चालत नाही' म्हणत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या नोंदीवर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', दुसरा पर्याय म्हणजे 'माझ्या संगणकावर शोधा', मग पेनड्राइव्हवरचा फोल्डर दाखवा. आतले फोल्डर धरायची खूण केलेली असू द्या. झिप उघडलेली नसेल तर विंडोजला आतला ड्रायव्हर सापडत नाही.

टेदरिंगचं नेट असेल तर विंडोज अपडेटमधले प्रगत पर्याय, त्यात 'ऑप्शनल अपडेट्स', त्यात ड्रायव्हर. बऱ्याचदा हवा तो ड्रायव्हर तिथेच वाट बघत असतो.

प्रॉपर्टीजमध्ये कोड दिसतो तोही वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. २२ म्हणजे कार्ड कुणीतरी बंद करून ठेवलंय, राइट क्लिक करून चालू करा. १० म्हणजे कार्ड सुरू होत नाही. अशा वेळी मी चुकीच्या आवृत्तीचा ड्रायव्हर बसलाय का ते आधी बघतो. ५२ म्हणजे ड्रायव्हरची सही विंडोजला पटलेली नाही.

आणि हो, 'सर्वात योग्य ड्रायव्हर आधीच बसलेला आहे' या वाक्यावर विसंबू नका. विंडोजला स्वतःजवळ याहून बरं काही सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते वाचून लोक हताश होतात आणि 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर घालतात. नंतर ते काढायला माझ्याकडे येतात.

> तपासा: पिवळी चिन्हं गेली का? 'नेटवर्क ॲडॉप्टर्स'खाली चिप बनवणाऱ्या कंपनीचं नाव दिसतंय का? दोन्हीला हो, तर टप्पा ६.

## टप्पा ५: लिनक्समध्ये ड्रायव्हर

इथे वेगळा ड्रायव्हर शोधायची वेळ कमी येते, कारण बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतात. अडतं ते तीन ठिकाणी.

कर्नल जुना, कार्ड नवं. इंटेलच्या एएक्स२१० ला ५.१० किंवा पुढचा कर्नल लागतो, मीडियाटेकच्या एमटी७९२१ ला ५.१२, रियलटेकच्या ८८५२बीई ला ६.२. मिंट २१ मूळ ५.१५ कर्नल घेऊन येतं, मिंट २२ मध्ये ६.८ आहे. म्हणजे ८८५२बीई असलेल्या लॅपटॉपवर मिंट २१ टाकून वायफाय शोधत बसण्यात हशील नाही. मिंट २२ टाका, किंवा टेदरिंगने नेट घेऊन अपडेट मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूतून नवा कर्नल घ्या. डेबियन (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) वापरणार असाल तर १२ किंवा त्यापुढचं घ्या. त्याआधीच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये बऱ्याच वायफाय कार्डांना लागणारं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्रॅम, नसायचं.

ब्रॉडकॉमची जुनी चिप. १४ई४ दिसलं की मिंटचा इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह लावून ठेवा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. लागणारा ड्रायव्हर त्या पेनड्राइव्हमध्ये असतो, नेटशिवाय बसतो.

सिक्युअर बूट. माझ्या मते लिनक्सवाल्यांची निम्मी डोकेदुखी ही. असा वेगळा ड्रायव्हर बसवताना सिस्टीम एक पासवर्ड ठरवायला सांगते. पुढच्या रीस्टार्टला निळ्या स्क्रीनवर 'कोणतीही कळ दाबा' असं येतं, बाजूला दहापासून उलटे आकडे सुरू. लोक घाबरून बघत राहतात, आकडे संपतात, संगणक नेहमीसारखा सुरू होतो. वायफाय मात्र नाही. कळ दाबायची, 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'येस', मग तो मघाचा पासवर्ड, मग 'रीबूट'. टाइप करताना पासवर्ड दिसत नाही, तरी तो जातो. संधी हुकली तर निळा स्क्रीन सहसा आपणहून परत येत नाही. ड्रायव्हर काढून पुन्हा बसवावा लागतो. तो पासवर्ड अमेरिकन कीबोर्डप्रमाणे वाचला जातो, म्हणून साधी अक्षरं आणि आकडेच ठेवा.

> तपासा: मघाचीच एल-एस-पी-सी-आय आज्ञा पुन्हा चालवा. कार्डाच्या ओळीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' आलं म्हणजे ड्रायव्हर कामाला लागला. ते आहे, तरी वायफाय बंद? मग आर-एफ-किल, एक जागा, लिस्ट अशी आज्ञा द्या. 'हार्ड ब्लॉक्ड'पुढे 'येस' असेल तर लॅपटॉपवरची वायफायची कळ किंवा बाजूची पट्टी शोधा. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' असेल तर एअरप्लेन मोड काढा.

## टप्पा ६: ड्रायव्हर आहे, पण नेट नाही

इथून पुढे कार्डाला दोष देणं बंद.

लॅनच्या खोबणीतला दिवा बघा. विझलेला असेल तर केबल, खोबण किंवा पलीकडचं टोक. दिवा आहे, आयपी ॲड्रेस १६९.२५४ ने सुरू होतोय, तर संगणकाने ॲड्रेस मागितला आणि कुणी दिला नाही. राउटर बंद-चालू करा. थेट वायर असेल तर डायलर बनवायचा राहिलाय, वहीतलं यूझरनेम काढा.

काही स्थानिक नेटवाले ग्राहकाचं कनेक्शन कार्डाच्या मॅक ॲड्रेसला (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा ठरलेला नंबर) बांधून ठेवतात. सिस्टीम बदलल्याने मॅक बदलत नाही. पण मध्येच यूएसबीचं लॅन ॲडॉप्टर लावलं तर बदलतो आणि सगळं बरोबर असून नेट येत नाही. नेटवाल्याला फोन करून "मॅक रिसेट करा" एवढंच म्हणा, त्यांना कळतं.

वायफायच्या यादीत शेजाऱ्यांची नावं दिसतात, आपलं दिसत नाही? राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर असेल आणि कार्ड फक्त २.४ चं. नाव दिसतं, पासवर्ड बरोबर, तरी जोडत नाही? राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर आहे का बघा आणि डब्ल्यूपीए२ व ३ मिश्र करा.

जोडणी झाली, पण प्रत्येक साइट 'सुरक्षित नाही' म्हणते, तर घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि ब्राउझर साइटची प्रमाणपत्रं नाकारतो. दोन सिस्टीम एकत्र ठेवल्यावर घड्याळ नेमकं साडेपाच तासांनी हलत असेल तर सेल ठीक आहे. लिनक्स घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक. त्याने नेट अडत नाही, पण लोक सेल बदलून येतात.

## टप्पा ७: उठण्याआधी

विंडोजमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमधला पॉवर मॅनेजमेंटचा टॅब उघडा. वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्यायची खूण काढा. दर अर्ध्या तासाने वायफाय तुटायची तक्रार माझ्या हातून बऱ्याचदा एवढ्यानेच मिटलीय. हा टॅब प्रत्येक लॅपटॉपवर दिसेलच असं नाही.

चाललेला ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवा. पेनड्राइव्हला चिठ्ठी चिकटवून त्यावर चिपचा नंबर लिहा.

मग फोनची केबल काढा, टेदरिंग बंद करा. ही केबल लावून ठेवूनच "चाललं, चाललं" म्हणणारे दुसऱ्या दिवशी परत फोन करतात. संगणक पूर्ण बंद करून सुरू करा, नेट बघा. लॅपटॉप असेल तर झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा आणि परत बघा.